अकलेचा सातबारा

रावेतच्या माणसाला सातबारा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पवनेच्या काठावरचे आमचे गाव. पिंपरी-चिंचवडच्या नळांना ज्या बंधाऱ्यातून पाणी जाते, तो बंधारा आमच्याच शिवारात आहे. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पंचक्रोशीतल्या जमिनींचे संपादन सुरू झाले. १९९७ साली गाव महापालिकेत गेले. पुढे शेजारच्या किवळ्यापर्यंत द्रुतगती मार्ग आला, आणि जिथे ज्वारी डोलत होती तिथे वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. या सगळ्या धामधुमीत आमच्या आजोबांच्या पिढीने एक धडा पक्का गिरवला : जमीन कोण कसतो याहून ती कोणाच्या नावावर चढली आहे, याला मोल आहे. हयातभर नांगर धरलेला, पण उताऱ्यावर नाव नसलेला चुलता मोबदल्याच्या दिवशी दाराबाहेर उभा राहिला, अशा गोष्टी आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळतात.

पण याच गावातली माणसे रोज सकाळी डबा घेऊन भोसरीला, तळवड्याला, चाकणला जातात, तिथे हाताने आणि डोक्याने काहीतरी नवे घडवतात, आणि त्या नव्याचा उतारा कोणाच्या नावे निघाला हे मात्र विचारीत नाहीत. बुद्धीलाही सातबारा असतो. तो लिहिण्याचे एक शास्त्र आहे, आणि ते जाणणारी माणसे आपल्या भागात फार थोडी आहेत. विज्ञानाची पदवी घेतलेल्या आपल्या भावाबहिणींनी या कामाकडे उपजीविका म्हणून गांभीर्याने पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर लेखाच्या ओघात येईल.

आधी घरची गोष्ट सांगते, कारण माझा विचार तिथूनच सुरू झाला.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये तीस वर्षे फिटर आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका कास्टिंगचे काम आले होते. जॉबच्या दोन बाजूंना भोके पाडायची, आणि दर वेळी तो सोडून, उलटा करून पुन्हा बांधायचा. त्यात वेळही जाई आणि माप चुकून मालही वाया जाई. आप्पांनी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आकृती काढली, भंगारातले तुकडे जोडले आणि आठ-दहा दिवसांत असे फिक्श्चर तयार केले की एकदा बांधलेला जॉब न सोडता नुसता फिरवून दोन्ही बाजूंचे काम व्हावे. मालक खूश झाले. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे साहेब पाहायला आले, त्यांनी फोटो काढले, आप्पांच्या पाठीवर थाप मारली. सहा महिन्यांनी तेच फिक्श्चर आप्पांना दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दिसले. शेजारी भिंतीवर व्यवस्थित छापील ड्रॉइंग लावलेले होते, त्यावर कोणा तिसऱ्याच माणसाचे नाव होते, आणि काही दिवसांनी आप्पांच्या मालकांकडचे ते काम कमी दराने तिकडे गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मालकांनी तक्रार केली तेव्हा समोरून एकच प्रश्न आला, “तुमच्याकडे कागद आहे का?” कागद नव्हता. खडूची आकृती तर दुसऱ्या दिवशीच्या झाडलोटीत पुसली गेली होती.

आप्पांचे ते फिक्श्चर पेटंट मिळण्याच्या योग्यतेचे होते की नव्हते, हे मी सांगू शकत नाही. कदाचित नसेलही. पण दाखवण्यापूर्वी गोपनीयतेचा दोन परिच्छेदांचा करार करता आला असता, तारीख घालून आकृती जपून ठेवता आली असती, निदान कोणाला तरी विचारता आले असते. विचारायचे कोणाला, हेच त्या वर्कशॉपमध्ये कोणाला ठाऊक नव्हते. मला खरी खंत वाटते ती याची.

माझा मोठा भाऊ रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि चाकणच्या बाजूला एका प्रयोगशाळेत नमुने तपासण्याच्या नोकरीला लागला. गेल्या दिवाळीत सगळे जमले असताना त्याने जाहीर केले की त्याला बौद्धिक संपदेच्या कायद्यात काम करायचे आहे. घरात जे व्हायचे ते झाले. मामा म्हणाले, “काळा कोटच घालायचा होता, तर तीन वर्षं त्या बाटल्या कशाला हलवल्यास?” आईला हातचा पगार जाईल याची धास्ती. एक शेजारी म्हणाले, वकील पायलीला पन्नास आहेत. आप्पा काही बोलले नाहीत. दादाने मात्र शांतपणे सांगितले, “मामा, बाटल्या हलवल्या म्हणूनच हे जमेल. ज्यांनी हलवल्या नाहीत त्यांना हे करताच येत नाही.” दादाच्या या वाक्याचा अर्थ मी नंतरच्या काही महिन्यांत वाचून, विचारून समजून घेतला. तोच इथे मांडते.

पेटंट, ज्याला सरकारी मराठीत ‘एकस्व’ म्हणतात, म्हणजे नव्या शोधावर सरकारने ठरावीक मुदतीसाठी दिलेला हक्क. आपल्याकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची असते. हा हक्क फुकट मिळत नाही. शोधकाने आपली सगळी रीत उघड करून लिहून द्यावी लागते, म्हणजे मुदत संपल्यावर ती कोणालाही वापरता यावी. शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचणारा नसावा, आणि उद्योगात उपयोगी पडणारा हवा. अर्जाच्या शेवटी ‘दावे’ लिहितात. माझ्या मते दावे म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, तसे इथे शब्दांनी कुंपण घालायचे : एवढे माझे, याच्या पलीकडले माझे नाही. कुंपण फार आत घातले तर शेजारी बांध कोरतो, आणि फार बाहेर घातले तर दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या जमिनीत शिरल्याबद्दल सगळा उताराच रद्द होतो. म्हणून एकेक शब्द तोलून लिहावा लागतो. इथे कायदा आणि विज्ञान एकाच ओळीत बसलेले असतात.

याचे उदाहरण आमच्या गावाला अगदी लागून आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये एका इंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि जुलै २००५ मध्ये त्यांना ते मिळाले. लहान इंजिनाच्या एकाच सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग बसवून पातळ मिश्रण नीट जाळायचे, अशी ती रचना. सिलिंडरचा व्यासही ४५ ते ७० मिलिमीटर असा दाव्यात नमूद केलेला होता. रस्त्यावर आपण सगळ्यांनी पाहिलेली ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे त्याच तंत्राची. पुढे तमिळनाडूच्या टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांची, पण तीन झडपांची मोटारसायकल आणली, आणि २००७ मध्ये बांधावरचे भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा ठेवली, पण विक्रीचा चोख हिशेब ठेवायला सांगितले आणि असे खटले वर्षानुवर्षे रेंगाळू नयेत असे बजावले. तरीही प्रकरण मिटले ते २०१९ मध्ये, दोन्ही कंपन्यांच्या आपसातल्या समझोत्याने. झडपांची संख्या बदलली म्हणून तंत्र वेगळे झाले का? दोन प्लगांची कल्पना आधीपासून जगात होती का? या प्रश्नांवर युक्तिवाद करायचा, तर सिलिंडरमध्ये ज्वाला कशी पसरते हे ठाऊक असलेला माणूस हवा, आणि ‘अंतर्भूत’ व ‘केवळ’ या दोन शब्दांतला फरक कळणाराही हवा.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपायावर पेटंट मिळाले. आपल्याकडे कापले-खरचटले की आजी हळद दाबते. पण आजीची हळद पेटंट कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही, छापील कागद लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून दिल्लीला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख म्हणून गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात, ऑक्टोबर १९९६ मध्ये, परिषदेने या पेटंटाला हरकत घेतली. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस संदर्भ जमा केले गेले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही लढाई प्रयोगशाळेतली माणसे, कायद्याची माणसे आणि जुन्या पोथ्या वाचू शकणारी माणसे यांनी एकत्र येऊन जिंकली. पुढे असे जुने ज्ञान जगभरच्या पेटंट परीक्षकांना वाचता यावे म्हणून आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथालय-संग्रह उभा केला, त्याचे मूळ या हळदीत आहे. कला शाखेच्या वाचकांनी पोथ्यांचा उल्लेख ध्यानात ठेवावा.

आता एका आक्षेपाकडे वळते. आमच्या एका सरांनी मला सरळ विचारले, “हे शिकून तुझा भाऊ करणार काय? मोठ्या कंपन्यांची कुंपणे राखणार ना?” प्रश्न रास्त आहे. पेटंटामुळे औषधे महाग होतात, गरिबाच्या हाताबाहेर जातात, हे खोटे नाही. आपल्या देशाने १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर हक्क न देता ते बनवण्याच्या रीतीवरच दिला होता, त्यामुळे आपले कारखाने वेगळ्या रीतीने तीच औषधे स्वस्तात बनवू शकले. जागतिक करारानंतर, २००५ पासून, औषधाच्या वस्तूवरही पेटंट द्यावे लागले. म्हणजे कुंपणे आली ती आली. पण कुंपण जाणणारा माणूस फक्त कुंपणवाल्याच्याच कामाला येतो, असे नाही.

रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाचे प्रकरण पाहा. नोव्हार्टिस कंपनीने एका ज्ञात पदार्थाच्या विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले. आपल्या कायद्यातले तिसरे कलम, पोटकलम ‘घ’, असे सांगते की ज्ञात पदार्थाचे नुसते नवे रूप पुरेसे नाही, त्याने औषधाचा गुण वाढल्याचे दाखवावे लागते. हे स्फटिकरूप जास्त टिकाऊ आहे, म्हणजे रोगावर जास्त गुणकारी आहे का? १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले आणि पेटंट नाकारले गेले. पेटंटाला विरोध करणाऱ्यांत कर्करोग्यांची संघटनाही होती. त्यांची बाजू मांडायला रसायनशास्त्र जाणणारी माणसे लागलीच असतील.

दुसरे प्रकरण मुंबईच्या पेटंट कार्यालयातले. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधाचे पेटंट बायर कंपनीकडे होते. महिन्याच्या औषधाची किंमत २,८०,४२८ रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, किंमत ठरली ८,८८० रुपये, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वधन. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. मला यात पुन्हा सातबाराच दिसतो. गाव नमुना सातमध्ये हक्क लिहितात, बारामध्ये पीकपाहणी. पेटंटातही तसेच आहे. हक्क नोंदवला की काम संपले असे नाही. त्या शोधाचा देशात वापर होतो आहे की नाही, याचे निवेदन ठरावीक काळाने द्यावे लागते. शोध पडीक ठेवला किंवा लोकांना परवडेल अशा भावात पोचवला नाही, तर दुसऱ्याला तो कसण्याची परवानगी मिळू शकते. कूळकायद्याच्या महाराष्ट्रात हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा कुंपण कोणासाठी राखायचे आणि कोणासाठी मोडायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पण दोन्हींसाठी विद्या तीच लागते.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण नुसत्या तत्त्वाने घरची चूल पेटत नाही.

पेटंट अर्जदारांच्या वतीने पेटंट कार्यालयात काम चालवणाऱ्याला ‘पेटंट एजंट’ म्हणतात. त्याची परीक्षा केंद्र सरकारचे पेटंट खाते घेते. त्यासाठी भारताचे नागरिकत्व, पूर्ण एकवीस वर्षे वय आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतली पदवी लागते. साधी बी.एस्सी. चालते. कायद्याची पदवी असलीच पाहिजे असे नाही. एक प्रश्नपत्रिका पेटंट कायद्यावर, दुसरी शोधाचे वर्णन व दावे लिहिण्यावर, आणि नंतर तोंडी परीक्षा. पेटंट कार्यालयातच परीक्षक व्हायचे असेल तर विज्ञानात एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या परीक्षकांना शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे. न्यायालयात उभे राहून खटला लढवायचा असेल तर मात्र पदवीनंतर तीन वर्षांचे एल्‌एल्.बी. करून सनद घ्यायला हवी. म्हणजे विज्ञानाच्या पदवीधरापुढे एकाच दाराऐवजी दोन-तीन दारे आहेत, आणि ती एकामागून एक उघडता येतात.

उजळ बाजू सांगितली तशी दुसरीही सांगते. ही परीक्षा दर वर्षी नेमाने होईलच असे धरून बसता येत नाही. सुरुवातीची वर्षे उमेदवारीची, जुन्या अनुभवी माणसाच्या हाताखाली मान मोडून मसुदे लिहिण्याची. प्रयोगशाळेचा वास ज्याला सोडवत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. इथे दुसऱ्याने केलेल्या शोधाबद्दल लिहायचे असते, आपले नाव कुठे येत नाही. आणि वाचनाचा कंटाळा असेल तर मुळीच येऊ नये. विज्ञानाला प्रवेश घेताना अनेकांनी ‘आता निबंध लिहावे लागणार नाहीत’ असा सुटकेचा नि:श्वास टाकलेला असतो. त्यांना इथे आयुष्यभर निबंध लिहावे लागतील, आणि तेही असे की प्रतिपक्षाच्या वकिलाने शब्द न् शब्द उसवून पाहावा.

दुसरा एक नियम तर आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनीही भिंतीवर लिहून ठेवावा : आधी अर्ज, मग प्रसिद्धी. शोध प्रदर्शनात मांडला, नियतकालिकात छापला, साहेबांना फोटो काढू दिला, आणि मग अर्ज करायला निघालो, तर ते वरातीमागून घोडे. जे जगजाहीर झाले ते कायद्याच्या लेखी बहुधा नवे राहत नाही. सगळे तपशील तयार नसतील तर तात्पुरत्या वर्णनाचा अर्ज करून तारीख राखता येते आणि बारा महिन्यांत पूर्ण वर्णन देता येते. खर्चाचा बाऊही उगाच होतो. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर त्याची मूळ फी १,६०० रुपये आहे, तपासणीच्या मागणीची आणखी ४,०००. जाणकाराचे शुल्क वेगळे, आणि ते पुष्कळ असते, हे कबूल. पण जाणकार आपल्याच वस्तीतला असला तर निदान पहिला सल्ला तरी चहाच्या कपावर मिळू शकेल.

आणि इथेच माझ्या मताचा गाभा आहे. पेटंटाचा अर्ज आपल्या देशात हिंदी किंवा इंग्रजीतच करावा लागतो. मराठीत करता येत नाही. आप्पांसारखा माणूस आपली युक्ती मराठीत, तीही हातवारे करीत, खडूने फरशीवर रेघा ओढत सांगतो. ‘हा इथं दाबला की तो तिथं आपोआप बसतो’ या वाक्यात जे नवे आहे, ते मुंबई-दिल्लीच्या वातानुकूलित कचेरीतल्या माणसाला कळेलच असे नाही. ते कळायला असा माणूस हवा ज्याने विज्ञान शिकले आहे, कायदा वाचला आहे, आणि जो बालपणी अशाच एका फिटरच्या मांडीवर बसला आहे. या पट्ट्यात हजारो लहान वर्कशॉपे आहेत. शोध फक्त मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांत लागतात, असे ज्यांना वाटते त्यांनी भोसरीच्या एखाद्या गाळ्यात एक दिवस घालवावा. पूर्वी गावात लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या लेखणीत गावाचे दैव असे, आणि अडाणी कुणब्याला त्याचा धाक असे. तो धाक आपण शिकून घालवला. अकलेच्या सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण अजून अंगठेबहाद्दरच आहोत.

मराठी माणसाला हे जमणार नाही, असेही नाही. मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनी (१८६७-१९३५) छपाईची अक्षरे ओतणारे यंत्र शोधले, आणि लंडन-न्यूयॉर्कमध्ये राहून चाळीसच्या आसपास पेटंटे घेतली. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने परक्या मुलखात हे केले. आपल्याला तर मुंबईच्या कार्यालयापर्यंतच जायचे आहे.

आता कला शाखेचे काय? पेटंट एजंट होण्याचे दार आपल्याला बंद आहे, हे खरे. पण बौद्धिक संपदेच्या वाड्याला इतर खोल्या आहेत. व्यापारचिन्हांचा एजंट होण्याच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे चालणारा प्रताधिकार तर आपल्या घरचाच विषय आहे, आणि तरी आपले किती कवी-नाटककार प्रकाशकाचा करार वाचून सही करतात? भौगोलिक मानांकनासाठी एखाद्या वस्तूचे नाते तिच्या मुलखाशी आहे हे इतिहासाच्या कागदांनी दाखवावे लागते. पुणेरी पगडीला आणि पैठणीला ते मिळाले, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल कोल्हापूरचे नावही न घेता मांडली, आणि ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. मानांकनाचा कायदा देशाच्या सीमेबाहेर आपोआप पोचत नाही, पण नोंद होती म्हणून निदान बोट ठेवून दाखवता आले. ही बोट ठेवण्याजोगी नोंद शोधून काढणे, जुने कागद वाचणे, सुबोध भाषेत मांडणे, हे आपले काम आहे.

घरच्या वादाचा शेवट काय झाला, हे सांगून लेख संपवते. गप्प बसलेले आप्पा तिसऱ्या दिवशी बोलले. ते दादाला म्हणाले, “एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलू नये. आधी नोकरी करता करता ती एजंटाची परीक्षा दे. पास झालास तर वकिलीचं मी बघतो.” आईची धास्ती निम्म्याने कमी झाली. मामांचे अजून पटलेले नाही. दादा रोज पाळी करून आल्यावर रात्री अकरापर्यंत अभ्यास करतो. पास होईल की नाही, ते पुढे कळेल.

पण एक गोष्ट आताच घडली आहे. सरावासाठी म्हणून दादाने आप्पांना त्या जुन्या फिक्श्चरचे वर्णन करायला लावले. आप्पा सांगत, दादा इंग्रजीत उतरवत होता, आणि मी मध्येच ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारत होते. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या, आता सात पाने झाली आहेत. त्याला आता पेटंट मिळणार नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक आहे. तरी शेवटच्या पानावर दादाने शोधकाचे नाव म्हणून आप्पांचे संपूर्ण नाव लिहिले. पेटंटाचा हक्क करारानुसार कंपनीकडे गेला तरी शोधकाचे नाव नोंदवून घेण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, हे त्याने आप्पांना समजावले. आप्पांनी चष्मा लावून ते नाव दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.”

आपल्या महाविद्यालयाकडे माझी एक लहानशी मागणी आहे. वर्षातून दोनदा, एखाद्या रविवारी, जवळच्या विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि आपण मिळून परिसरातल्या वर्कशॉपवाल्यांसाठी एक बैठक भरवू. एखाद्या अनुभवी पेटंट एजंटाला बोलावू. कामगाराने मराठीत सांगावे, विज्ञानाच्या मुलाने समजून घ्यावे, आणि आपण ते तारीख घालून नीट लिहून काढावे. त्याआधी गोपनीयतेच्या कागदावर मात्र सगळ्यांनी सही करायची. एवढ्याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण पुढच्या वेळी कोणी ‘कागद आहे का?’ असे विचारले, तर आपल्या माणसाला मान खाली घालावी लागणार नाही.

— तृतीय वर्ष कला (मराठी)